अविभक्त नगर : हर्टफर्डशायर परगण्याची कथा

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. वडिलोपार्जित जमीन अविभक्त असते तोंवर तिचें उत्पन्न घरांतील सर्वांचें असतें. धाकट्या भावाचें शिक्षण, विधवा आत्याचा निर्वाह, घरचा कुळधर्म, पडक्या भिंतीची डागडुजी, हीं सारीं कामें त्याच एका पिशवींतून निभतात. एकदां वाटणी झाली म्हणजे ज्याचा हिस्सा त्याच्या हातीं येतो खरा. परंतु पहिला हिस्सा परक्याला विकला जाण्यास मग फार वर्षें लागत नाहींत. वाटणी नेहमींच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. कर्ता लोभी किंवा आळशी निघाला तर अविभक्त घराची काय अवस्था होते, हेंही आपल्या समाजानें पुष्कळ पाहिलें आहे. परंतु हा जो एका घराचा प्रश्न, तोच एका संबंध नगराचा प्रश्न होऊं शकतो, हें मात्र आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं.

शहर वाढतें तेव्हां काय होतें, हें आपण रोज पाहतों. गांवाबाहेरच्या माळाला काल कोणी विचारीत नव्हतें. मग तिकडे रस्ता गेला, नळ आला, शाळा निघाली, आगगाडीचें स्टेशन झालें. आणि त्याच माळाचा एकेक गुंठा नोकरदाराच्या आयुष्यभराच्या शिलकेलाही पुरेना. मालकानें मध्यंतरीं त्या जमिनींत ना विहीर खणली, ना झाड लावलें. किंमत वाढविली ती तेथें राहावयास आलेल्या माणसांनीं आणि सर्वांच्या करांतून झालेल्या सोयींनीं. मग ही वाढ कोणाची? मालकाची, सरकारची, घर बांधून विकणाऱ्या कंत्राटदाराची, कीं त्या नगराची?

इंग्लंडांतील हर्टफर्डशायर या परगण्यानें या एका प्रश्नाचीं गेल्या सुमारें सव्वाशें वर्षांत निरनिराळीं उत्तरें देऊन पाहिलीं आहेत. कांहीं साधलीं, कांहीं फसलीं, आणि एक तर हातीं आलेलें निसटून गेलें. नगररचना हा विषय इंजिनियरांचा आणि आराखड्यांचा आहे असें समजून आपण तो बाजूस सारतों. परंतु या परगण्याची हकीकत वाचल्यावर वाचकांची खात्री होईल कीं, हा विषय मुळांत घरच्या हिशेबाचाच आहे.

परगणा आणि त्याचा शेजारी

हर्टफर्डशायर हा लंडनच्या उत्तर अंगाला लागून असलेला परगणा. क्षेत्रफळ सुमारें ६३४ चौरस मैल, म्हणजे आपल्या पुणें जिल्ह्याच्या सुमारें दशांश. खडूच्या मातीच्या टेकड्या, त्यांतून निघणारे स्वच्छ पाण्याचे ओढे, कुंपणांनीं आखलेलीं शेतें, अशी त्याची ठेवण. १९०१ सालीं येथें सुमारें अडीच लाख माणसें होतीं. २०२१ च्या खानेसुमारींत तीं सुमारें बारा लाख भरलीं. या वाढीचें कारण परगण्यांत नसून त्याच्या दक्षिणेला आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणारे आगगाडीचे मोठे फांटे याच परगण्यांतून जातात. त्यामुळें मुंबईच्या वाढीचा भार जसा ठाणें-कल्याणकडे सरकत गेला, तसा लंडनचा भार वॉटफर्ड, सेंट ऑल्बन्स, हिचिन या गांवांकडे सरकत गेला.

हा भार कसा पेलावा याचा विचार प्रथम ज्यांनीं केला, ते एबेनेझर हॉवर्ड हे ना वास्तुशिल्पी होते, ना जमीनदार. १८५० सालीं लंडनमधील एका लहान दुकानदाराच्या घरीं त्यांचा जन्म झाला. एकविसाव्या वर्षीं ते अमेरिकेस गेले. तेथें नेब्रास्का प्रांतांत त्यांनीं शेती करून पाहिली. ती साधली नाहीं. मग कांहीं वर्षें शिकागोंत काढून १८७६ सालीं ते परत आले, आणि पार्लमेंटांतील भाषणांचें लघुलेखन करून पोट भरूं लागले. लंडनच्या दाट वस्तीविषयीं आणि ओसाड पडत चाललेल्या खेड्यांविषयीं मोठमोठ्यांचीं भाषणें वर्षानुवर्षें टिपून घेतां घेतां या गृहस्थाच्या मनांत एक योजना तयार झाली. ती त्यांनीं १८९८ सालीं पुस्तकरूपानें मांडली.

लघुलेखकाचा हिशेब

हॉवर्ड यांच्या योजनेंतील बागा, रुंद रस्ते आणि वर्तुळाकार नकाशे पुढें जगभर गाजले. परंतु योजनेचा जीव नकाशांत नव्हता, तो हिशेबांत होता. सहा हजार एकर शेतजमीन शेतीच्याच भावानें, म्हणजे एकरीं चाळीस पौंडांनीं, एकदम विकत घ्यावी. त्याला लागणारे दोन लक्ष चाळीस हजार पौंड चार टक्के व्याजानें कर्जाऊ काढावे. मध्यें एक हजार एकरांवर नगर वसवावें आणि भोंवतालची पांच हजार एकर जमीन कायम शेतीकडेच ठेवावी. वस्ती बत्तीस हजारांची. कर्जाचें व्याज वर्षाला नऊ हजार सहाशें पौंड. तें बत्तीस हजार माणसांवर वांटलें तर दरडोई वर्षाला अवघे सहा शिलिंग पडतात.

आतां खरी मेख पाहा. जमीन कोणालाही विकावयाची नाहीं, फक्त भाडेपट्ट्यानें द्यावयाची. जमिनीचा मालक एकच, तो म्हणजे नगराच्या वतीनें काम पाहणारें विश्वस्त मंडळ. नगर वाढेल तसें जमिनीचें भाडें वाढेल; त्या भाड्यांतून प्रथम व्याज द्यावें, मग मुद्दल फेडावें, आणि उरेल त्यांतून रस्ते, शाळा, दवाखाने, वृद्धांचे पगार चालवावे. म्हणजे माणसें आल्यामुळें जी किंमत वाढली, ती त्या माणसांकडेच परत यावी. अविभक्त मिळकत याहून निराळी ती काय असते?

पुस्तक वाचून पुष्कळांनीं मान डोलविली आणि पुष्कळांनीं स्वप्नाळूपणा म्हणून हंसण्यावारीं नेलें. तथापि १९०३ सालीं एक कंपनी निघाली आणि तिनें हर्टफर्डशायरच्या उत्तर भागांत, लंडनपासून सुमारें पस्तीस मैलांवर, लेचवर्थ या खेड्याभोंवतालची ३,८१८ एकर जमीन निरनिराळ्या मालकांकडून गुपचूप विकत घेतली. गुपचूप कां, हें वाचकांस सांगणें नलगे. बेत फुटता तर भाव त्याच दिवशीं चढते. भाव पडला एकरीं सुमारें चाळीस पौंड. लघुलेखकाचा आंकडा चुकला नव्हता.

लेचवर्थ : कर्ज, कसोटी आणि बचाव

रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या दोघां वास्तुशिल्पींनीं नगराची आखणी केली. जुनीं झाडें शक्य तोंवर राखलीं. कारखाने वाऱ्याची दिशा पाहून एका अंगाला ठेवले. घरांना पुढें-मागें बाग दिली. १९०५ सालीं 'दीडशें पौंडांत घर' या विषयावर एक प्रदर्शन भरविलें. तें पाहण्यास सुमारें साठ हजार लोक आले, आणि प्रदर्शनासाठीं बांधलेलीं घरें पुढें वस्तीसाठीं राहिलीं. कित्येक वर्षें या नगरांत दारूचें दुकान नव्हतें. १९०७ सालीं जी खानावळवजा सराई निघाली, तिच्यांत चहा, कोको आणि सरबतें मिळत.

हें सर्व वाचावयास गोड असलें तरी पैशाची बाजू कडू होती. भागधारकांना पांच टक्क्यांहून अधिक नफा द्यावयाचा नाहीं, असा कंपनीचा नियम. पण ते पांच टक्के तरी कोठें होते? पुऱ्या पांच टक्क्यांचा पहिला लाभांश १९२३ सालीं, म्हणजे वीस वर्षांनीं मिळाला. ज्या मजुरांनीं घरें बांधलीं त्यांपैकीं अनेकांना तीं परवडेनात, आणि ते शेजारच्या गांवांतून सायकलीवर ये-जा करीत. गरिबाला परवडेल असें घर केवळ चांगल्या आखणीनें होत नाहीं. भाड्यांत कोणीतरी भर घालावीच लागते, हा धडा येथें प्रथम मिळाला.

दुसरा धडा अधिक कडक होता. नगराची जमीन नगराची, हें तत्त्व हॉवर्ड यांच्या पुस्तकांत होतें. कायद्यानें मात्र ती कंपनीची होती, आणि कंपनीचे भाग बाजारांत विकत मिळत. नफ्याची मर्यादाही मध्यंतरीं सैल झाली होती. सन १९६० च्या सुमारास लंडनच्या एका हॉटेल कंपनीनें ते भाग झपाट्यानें खरेदी करून सबंध नगराची मालकी आपल्या हातीं घेतली. ज्या जमिनीची किंमत दोन पिढ्यांच्या वस्तीनें वाढविली होती, ती आतां तुकड्या-तुकड्यांनीं विकली जाणार, हें उघड दिसूं लागलें. तेव्हां मात्र लेचवर्थचे लोक जागे झाले. नगरसभेनें खटपट केली, पार्लमेंटांत खास विधेयक मांडलें, आणि १९६२ च्या कायद्यानें सर्व मिळकत एका सार्वजनिक मंडळाकडे आली. १९९५ च्या दुसऱ्या कायद्यानें त्याच्या जागीं एक धर्मादाय संस्था स्थापन झाली, आणि दुकानें, कारखाने व शेतें यांच्या भाड्यांतून आलेला पैसा ती नगरावरच खर्च करीत आली आहे.

येथेंही सर्व अविभक्त राहिलें असें नाहीं. १९६७ च्या एका कायद्यानें दीर्घ भाडेपट्ट्यानें राहणाऱ्यांना घराखालची जमीन कायमची विकत घेण्याचा हक्क मिळाला, आणि बहुतेक घरें त्या वाटेनें खासगी झालीं. तरी मोठ्या उत्पन्नाची मिळकत एकत्र राहिली. लेचवर्थची वस्ती २०२१ सालीं सुमारें चौतीस हजार होती. बत्तीस हजारांचें नगर कागदावर रेखाटणाऱ्या माणसाचें अनुमान इतकें बरोबर यावें, हें नवल नव्हे काय?

वेल्विन आणि स्टीव्हनेज

हॉवर्ड यांना एका नगरावर समाधान नव्हतें. १९१९ सालीं याच परगण्यांत वेल्विनजवळ एका उमरावाची जमीन लिलावांत निघाली. विसाराची पुरी रक्कमही या साठीच्या पुढच्या गृहस्थांजवळ नव्हती. मित्रांकडून जमविलें, तरी लिलावाच्या दिवशीं थोडें कमी पडलें; तें त्यांच्या वतीनें बोली बोलणाऱ्या मध्यस्थानेंच भरलें, आणि ५१,००० पौंडांना जमीन हातीं आली. १९२० सालीं वेल्विन उद्याननगराची कंपनी निघाली. १९२८ सालीं तेथेंच हॉवर्ड यांचें देहावसान झालें. पुढें १९४८ सालीं सरकारनें वेल्विनची योजना कंपनीकडून काढून आपल्या मंडळाकडे घेतली.

सरकार या कामांत कसें शिरलें, तें आतां पाहूं. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडत असतांनाच, युद्धानंतरचें लंडन कसें असावें याचा विचार चालला होता. प्रोफेसर पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांनीं १९४४ सालीं जी योजना दिली तींत मधल्या दाट लंडनमधून सुमारें दहा लक्ष लोक बाहेर काढावे, शहराभोंवतीं शेतांचा आणि रानांचा हरितपट्टा राखावा, आणि त्यापलीकडे नवीं नगरें वसवावीं, असा बेत होता. १९४६ सालीं नवनगरांचा कायदा झाला. लंडनभोंवतीं जीं आठ नवनगरें ठरलीं, त्यांपैकीं चार एकट्या हर्टफर्डशायरच्या वांट्याला आलीं : स्टीव्हनेज, हेमेल हेम्पस्टेड, हॅटफील्ड आणि वेल्विन. स्टीव्हनेज सर्वांत पहिलें. ११ नोव्हेंबर १९४६ रोजीं त्याची घोषणा झाली.

स्टीव्हनेज तेव्हां सुमारें सहा हजार वस्तीचें जुनें गांव होतें आणि तेथें साठ हजार माणसें वसवावयाचीं होतीं. गांवकऱ्यांना हें कोणी विचारलें नव्हतें. मे १९४६ मध्यें लुइस सिल्किन हे मंत्री समजूत घालण्यास गेले असतां सभागृहांत आरडाओरड झाली आणि बाहेर त्यांच्या मोटारीच्या चाकांतील हवा सोडण्यांत आली. पुढें कोणीतरी स्टेशनावरची गांवाच्या नांवाची पाटी बदलून तिच्या जागीं 'सिल्किनग्राड' अशी पाटी लावली. मतें घेतलीं तेव्हां निम्म्याहून अधिक लोक विरुद्ध निघाले. ई. एम. फॉर्स्टर यांचें बालपण स्टीव्हनेजजवळच्या एका जुन्या घरांत गेलें होतें. हेच फॉर्स्टर १९२१ सालीं आपल्या मराठी देवास संस्थानांत महाराजांचे चिटणीस म्हणून राहिले होते. त्यांनींही या योजनेविरुद्ध आवाज उठविला. प्रकरण न्यायालयांत गेलें. वरिष्ठ न्यायालयानें मंत्र्यांविरुद्ध निकाल दिला, पण अपिलांत तो फिरला आणि १९४७ सालीं उमरावांच्या सभेनें सरकारच्या बाजूनें शेवटचा निर्णय दिला.

ज्यांचीं शेतें आणि घरें गेलीं त्यांच्या दुःखाला तोल नाहीं. परंतु दुसऱ्या पारड्यांत काय होतें, तेंही पाहावें. लंडनच्या पूर्व आणि उत्तर भागांतील एकेका खोलींत, दुसऱ्याच्या घरीं पोटभाडेकरू म्हणून राहणारीं हजारों कुटुंबें होतीं. नवनगरांत काम मिळालें कीं घर मिळे. स्वतंत्र न्हाणीघर, मागें परसू, आणि मुलांना चालत जातां येईल अशी शाळा, हें त्या बायकांना आयुष्यांत प्रथम मिळालें. स्टीव्हनेजच्या मधल्या बाजारपेठेंत मोटारींना प्रवेश नव्हता. १९५९ सालीं तिचें समारंभपूर्वक उद्घाटन झालें आणि तो देशांतील एक नवा पायंडा ठरला. २०२१ सालीं या नगरांत नव्वद हजारांच्या जवळपास वस्ती होती. जुन्या गांवकऱ्यांचा राग खोटा नव्हता, आणि नव्या भाडेकरूंचा आनंदही खोटा नव्हता. नगर वसवितांना हीं दोन्ही सत्यें एकदम पोटांत घालावीं लागतात, आणि तें काम कोणत्याही आराखड्याला करतां येत नाहीं.

मात्र हिशेबाच्या दृष्टीनें स्टीव्हनेजच्या बाबतींत जें घडलें तें लेचवर्थच्या उलट होय. जमीन येथेंही एकहाती होती. विकासमंडळानें सरकारी कर्जानें ती घेतली, घरें आणि दुकानें बांधलीं, भाडें घेतलें. पण मंडळ नगराचें नव्हतें, सरकारचें होतें. नगर उभें राहिलें कीं मंडळ बरखास्त करावयाचें, असा शिरस्ता. हेमेल हेम्पस्टेडचें मंडळ १९६२ सालीं, हॅटफील्ड व वेल्विन यांचें १९६६ सालीं, आणि स्टीव्हनेजचें १९८० सालीं बंद झालें. भाड्याचीं घरें बहुतांशीं स्थानिक सभांकडे गेलीं आणि १९८० च्या कायद्यान्वयें त्यांतील पुष्कळ भाडेकरूंना सवलतीनें विकलीं गेलीं. व्यापारी मालमत्ता मात्र लंडनच्या एका आयोगाकडे जाऊन पुढें विकली गेली आणि तिचे पैसे सरकारी खजिन्यांत जमा झाले. जमिनीची वाढ माणसांनीं केली, ती एका पिशवींत गोळाही झाली; परंतु पिशवीची दोरी दुसऱ्याच्या हातीं होती. पुढें नगर जुनें झालें, एकाच काळीं बांधलेलीं घरें आणि दुकानें एकाच काळीं दुरुस्तीस आलीं, तेव्हां तें उत्पन्न नगराजवळ नव्हतें.

हरितपट्टा आणि आशेची किंमत

१९४७ च्या नगररचना कायद्यानें इंग्लंडांत एक मोठी गोष्ट केली. जमीन मालकाचीच राहिली, परंतु तिच्यावर कांहीं नवें बांधण्याचा हक्क राष्ट्राचा ठरला. परवानगी मिळाल्यामुळें जी किंमत वाढेल ती सर्वच्या सर्व सरकारनें घ्यावी, असेंही ठरलें. या कायद्याचा पहिला भाग टिकला, दुसरा सात वर्षेंही टिकला नाहीं. १९५३-५४ मध्यें ती आकारणी रद्द झाली. पुढें १९६१ च्या कायद्यानें अशी स्थिति आली कीं, सरकारनें सार्वजनिक कामासाठीं शेत घेतलें तरी मालकाला नुसती शेताची किंमत देऊन भागत नाहीं. उद्यां येथें घरें झालीं असतीं या आशेचीही किंमत द्यावी लागते. इंग्रजींत तिला नांवच 'आशेची किंमत' असें आहे. हॉवर्ड यांचें एकरीं चाळीस पौंडांचें गणित येथें संपलें. २०२३ च्या एका कायद्यानें कांहीं ठराविक कामांपुरती ही आशेची किंमत वगळण्याची मुभा दिली आहे.

दुसऱ्या बाजूनें हरितपट्टा आवळत गेला. १९३८ च्या कायद्यानें त्याचा आरंभ झाला आणि १९५५ पासून तो परगण्या-परगण्यांतून पक्का झाला. सेंट ऑल्बन्स जिल्ह्याची जवळजवळ चार पंचमांश जमीन या पट्ट्यांत आहे. त्याचें पुण्य मोठें आहे : लंडनची वस्ती हर्टफर्डपर्यंत सलग पसरली नाहीं, ओढे आणि शेतें उरलीं. परंतु जागा थोडी आणि मागणी मोठी, त्यामुळें परवानगीच्या एका कागदानें शेताची किंमत शंभरपट आणि त्याहूनही अधिक चढते. त्या वाढीचा थोडा भाग स्थानिक सभा कंत्राटदाराशीं घासाघीस करून शाळेसाठीं, रस्त्यासाठीं, स्वस्त घरांसाठीं मिळवितात; बाकीचा खासगी हातांत जातो. शिक्षक, परिचारिका, आगगाडीचे नोकर यांच्या मुलांना आपल्याच गांवांत घर घेणें दुर्घट होऊन बसलें आहे.

सबंध प्रदेशाची एकत्र योजनाही येथें टिकली नाहीं. २००८ सालीं पूर्व इंग्लंडची एक प्रादेशिक योजना मंजूर झाली. तिच्यांत हर्टफर्डशायरमध्यें किती घरें व कोठें, हें वरून ठरविलें होतें. परगण्याची सभा आणि सेंट ऑल्बन्सची सभा न्यायालयांत गेल्या, आणि २००९ सालीं त्या योजनेंतील या परगण्यासंबंधींचीं कांहीं कलमें रद्द झालीं. २०१३ सालीं सबंध योजनाच मागें घेण्यांत आली. मग दहा जिल्ह्यांच्या दहा सभा आणि दहा निरनिराळ्या योजना. सेंट ऑल्बन्सची १९९४ सालीं मान्य झालेली योजना तीस वर्षें बदलली नाहीं. दहा भावांनीं दहा चुली मांडाव्या आणि विहीर कोणी उपसावी यावर एकमत होऊं नये, तशी ही गत.

तरीही कामें चालूं आहेत. २०१८ सालीं ईस्ट हर्ट्स जिल्ह्यानें गिल्स्टन येथें सात खेडीं मिळून दहा हजार घरांची जागा योजनेंत घातली. २०२२ सालच्या नॉर्थ हर्ट्सच्या योजनेंत लेचवर्थच्या उत्तरेस नऊशें घरें धरलीं आहेत. ही जमीन त्या धर्मादाय संस्थेचीच, आणि पूर्वीं ती हरितपट्ट्यांत होती. शेजारच्या रहिवाशांनीं जोराचा विरोध केला. उद्याननगराचेच विश्वस्त शेत मोडावयास निघाले, हें अनेकांना खटकलें, आणि त्यांत नवल नाहीं. आमच्या मतें भांडणाचा हा विषय खराच आहे. परंतु एक फरक विसरूं नये. त्या विक्रीचा पैसा कोणा दूरच्या भागधारकाकडे न जातां त्याच नगराच्या पिशवींत पडावयाचा आहे. तो कसा खर्च व्हावा यावर तेथील माणसें आपल्या विश्वस्तांना जाब विचारूं शकतात. विरोध करण्यास माणसांना समोर कोणीतरी दिसतें, हीच अविभक्तपणाची मोठी कमाई होय.

आपल्याकडील हिशेब

हा सर्व विचार आपल्याला अगदींच परका नाहीं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं मुंबईस इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दादर-माटुंग्याच्या बाजूस जमिनी घेऊन, रस्ते आखून, भाडेपट्ट्यानें प्लॉट दिले. हिंदु कॉलनी आणि पारशी कॉलनी त्यांतूनच झाल्या. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानें अनेक मालकांचे वेडेवांकडे तुकडे एकत्र करून, रस्त्यांना जागा काढून, ज्याचा त्याला नवा चौकोनी प्लॉट द्यावा आणि वाढलेल्या किंमतींतील निम्म्यापर्यंत हिस्सा सार्वजनिक कामाला घ्यावा, अशी तजवीज केली. पार्लें-सांताक्रुझच्या बाजूच्या योजना या कायद्याखालच्याच.

नव्या मुंबईचा आरंभही याच विचारांतून झाला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं खाडीपलीकडे नवें शहर वसवावें अशी सूचना केली. सर्व जमीन एकहाती घ्यावी आणि तिच्या वाढत्या किंमतींतूनच शहर उभें करावें, हा तिचा गाभा. १९७० सालीं सिडको निघाली आणि ९५ गांवांची जमीन योजनेंत आली. परंतु शेतकऱ्याला मिळाला शेताचा भाव, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तीच जमीन शहराच्या भावानें विकली जाऊं लागली. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरण-जासईच्या बाजूस जें आंदोलन झालें त्यांत पांच जणांचे प्राण गेले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. म्हणजे ज्याची जमीन त्याला मूळच्या कुटुंबांतून बाहेर काढून एकत्र मिळकत चालविली, तर घर उभें राहतें पण शाप राहतो, हें पांच बळी घेऊन आपण शिकलों. उलट पुण्याजवळ मगरपट्ट्यास सुमारें एकशेंवीस शेतकरी कुटुंबांनीं सुमारें चारशें एकर जमीन एकत्र करून, आपणच भागीदार होऊन, २००० सालापासून नगर वसविलें. तेथें जमीनवाले नगराच्या वाढीबरोबर वाढले. घर भाड्यानें घेणाऱ्या गरिबाचा प्रश्न मात्र तेथेंही त्या रीतीनें आपोआप सुटत नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे.

असो. हर्टफर्डशायरची ही कथा सांगण्याचा आमचा हेतु इतकाच कीं, आपल्या गांवचा विकास-आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हां तो घरांतील कर्त्या पुरुषांनीं आणि स्त्रियांनीं उघडून पाहावा. कायद्यानें त्यावर हरकती व सूचना देण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, आणि आपण बहुधा आपल्या वाड्यावरून रस्ता जातो कीं नाहीं एवढेंच पाहून कागद मिटतों. त्याऐवजीं तीन प्रश्न विचारावे. ज्यांची जमीन जाते त्यांचा पुढच्या वाढींत हिस्सा आहे काय? वाढलेल्या किंमतीचा पैसा कोणत्या पिशवींत पडतो, आणि तिच्यांतून पाणी, शाळा, स्वस्त घरें यांसाठीं किती निघतें? आणि त्या पिशवीची दोरी ज्याच्या हातीं, त्याला गांवकरी हिशेब मागूं शकतात काय?

लेचवर्थला तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पार्लमेंटपर्यंत झगडून मिळवावें लागलें. स्टीव्हनेजला घरें मिळालीं, पण व्यापारी मिळकत विकली गेली तेव्हां तो प्रश्न विचारावयास जागाच उरली नव्हती. दोन्ही नगरांत आगगाडीनें दहा मिनिटांचें अंतर आहे.